पपईचा चीक फ्लू रोखतो का?

शहादा-तळोदा पट्ट्यात मोबाइलवर एक संदेश फिरतो आहे: ‘कच्च्या पपईच्या चिकातले पपेन हे एंझाइम पेशींवरची विषाणूंची दारे तोडते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, म्हणून रोज चमचाभर चीक घेणाऱ्याला फ्लू होत नाही.’ यात थोडे खरे आहे आणि त्या थोड्याच्या आधारावर बाकीचे खपते आहे.

एंझाइमच्या प्रक्रियेनंतर काही विषाणूंना पेशींवर पकड मिळत नाही, एवढे खरे. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला (साखरेसारख्या एका रेणूला) धरतो आणि पटकीच्या जिवाणूपासून मिळणारे एंझाइम तेच आम्ल छाटून टाकते. त्या एंझाइमच्या प्रक्रियेनंतर तांबड्या रक्तपेशींवर विषाणूला पकड मिळत नाही, हे १९४० च्या दशकात ऑस्ट्रेलियन विषाणुशास्त्रज्ञ बर्नेट आणि सहकाऱ्यांनी दाखवले. पपेन मात्र प्रथिने तोडते. प्रथिनांबरोबर काही सायलिक आम्ल निघून गेले, तरी मेदरेणूंवरचे तसेच राहते.

दुसरी बाब मला अधिक गंभीर वाटते, कारण तिथे दावा उलटतो. फ्लूचा विषाणू वाढवण्यासाठी कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या एमडीसीके पेशी वापरतात आणि त्यांच्या द्रवात मुद्दाम ट्रिप्सिन घालतात. तेही प्रथिने तोडणारेच एंझाइम आहे. विषाणूवरचे हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ज्याने तो पेशीला धरतो ते प्रथिन, ठरावीक जागी चिरले गेल्याशिवाय नवा विषाणू पुढच्या पेशीत शिरू शकत नाही, आणि या पेशींच्या बशीत ती चीर ट्रिप्सिन देते. पेशी वाढवताना द्रवात घातलेले सीरम (रक्तातला पातळ द्रव) ट्रिप्सिनला अडवते, म्हणून आधी पेशी नीट धुवून घ्याव्या लागतात. धुण्यात कसूर झाली, तर विषाणू नीट वाढतच नाही. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरसही ट्रिप्सिनमुळे अधिक संसर्गक्षम होतो. तेव्हा कोणते एंझाइम, कोणता विषाणू आणि वार पेशीवर की विषाणूवर, हे सांगितल्याशिवाय ‘सिद्ध झाले’ या शब्दांना अर्थ नाही.

शिवाय असे एंझाइम जास्त वेळ राहिले, तर पेशी गोल होऊन बशीच्या तळापासून सुटतात. त्यांच्यात संसर्ग कमी दिसला, तर त्याला संरक्षण म्हणता येत नाही. ज्या पेशी तगतात, त्या एंझाइम धुऊन काढल्यावर गमावलेली प्रथिने पुन्हा घडवतात.

आणि चमच्याने घेतलेला चीक पोटात जातो, फ्लू श्वसनमार्गात होतो. सायलिक आम्ल छाटणाऱ्या एंझाइमची फ्लूवरचे औषध म्हणून चाचणी झाली, तेव्हा तेही श्वासावाटेच दिले गेले. पपई तोडणाऱ्यांच्या उघड्या हातांवर चीक सांडला की कातडीची आग होते, हे आपल्याकडे शेतात राबणाऱ्यांना सांगावे लागत नाही. तोच चीक घशाच्या नाजूक अस्तरावरून खाली उतरवला जातो आहे. संदेश वाचून घरातल्या लहान मुलांना किंवा गर्भवतीला तो देत असाल, तर आजच थांबवा.