बायोडाटातले एक वर्ष

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले दहा दिवस एकच वाद चालू आहे. माझा पुतण्या पुण्यात नोकरीला असताना २०२३ मध्ये नैराश्याने खचला, राजीनामा देऊन सांगलीला घरी आला, वर्षभर औषधे आणि समुपदेशन घेऊन सावरला आणि आता पुन्हा कामाला लागला आहे. लग्नाच्या बायोडाटात त्या वर्षाच्या जागी काय लिहायचे, यावरून हा वाद आहे. कोणी ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ सुचवली, कोणी ‘वडिलांच्या व्यवसायात मदत’, आणि यांतले कोणते जास्त खपेल यावर बराच काथ्याकूट झाला. जे घडले तेच लिहू या, असे फक्त तो मुलगा म्हणत होता. त्याला घरातल्या एका ज्येष्ठांनी उत्तर दिले, “आपल्या हातांनी आपली लाज कशाला उघड्यावर मांडायची?”

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरमध्ये सकाळचा मतपाक्के, म्हणजे कामावर न्यायचा डबा, बांधता बांधता मी ते वाक्य वाचले आणि माझा संताप झाला. मी ज्या देशात राहतो, त्याचे तेव्हाचे पंतप्रधान शेल माग्ने बोंदेविक १९९८ मध्ये नैराश्यामुळे सुमारे साडेतीन आठवडे रजेवर गेले आणि रजेचे कारण त्यांनी जाहीरपणे सांगितले. हा मनुष्य लुथरन धर्मगुरूही होता. त्याला लोकलाज नव्हती असे कोण म्हणेल? तो परत येऊन कामाला लागला आणि २००१ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाला. हे सगळे मी ग्रुपवर सविस्तर लिहिले.

“तुमच्याकडे परवडते,” एवढेच उत्तर आले. मला ते झोंबले, कारण त्यात तथ्य आहे. येथे आजारपणात ठरावीक मर्यादेपर्यंतचा पूर्ण पगार ५२ आठवडे मिळू शकतो, आणि मनाचा आजार त्यातून वगळलेला नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी ‘मी थकले आहे, दोन महिने येणार नाही’ असे सर्वांसमोर सांगते, तेव्हा तिच्या धैर्यामागे ही व्यवस्था उभी असते. सांगलीच्या मुलामागे काय उभे आहे? नोकरी गेली की पगार गेला, आणि बातमी फुटली की स्थळे गेली. तरीही एक गोष्ट मला मान्य होत नाही. पगार सरकारने द्यायचा असतो हे खरे, पण लाज वाटून घ्यायची की नाही हे घर ठरवते. आपल्या तुकोबांनी दुष्काळात दिवाळे निघाल्याचे, एक बायको अन्न अन्न करीत मेल्याचे आणि त्या सगळ्याची लाज वाटल्याचे स्वतःच्या अभंगात सांगून ठेवले आहे. तो अभंग म्हणणाऱ्या घराला मुलाचे एक वर्ष सांगता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. शिवाय महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या संमतीवरून हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करण्याची मागणी होऊ शकते, हे त्या खोट्या ओळी सुचवणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानातही नव्हते.

माझ्या लांबलचक मजकुराला पुतण्याने ग्रुपवर उत्तर दिले नाही. त्याने मला स्वतंत्रपणे विचारले, “काका, तुमचं असं कधी झालं होतं का?”

२०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळू लागले. पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या जानेवारीत तिशीच्या खाली गेला आणि तेलावर जगणाऱ्या या शहरात माझ्यासारख्या कितीतरी इंजिनिअरांच्या नोकऱ्या गेल्या. माझीही गेली. नाव्ह या सरकारी कल्याण संस्थेचा बेकारभत्ता मिळत होता, घरभाडे निघत होते, येथे कोणीही मला नावे ठेवली नाहीत. तरी सात महिने मी आईला सांगितले नाही. रोज सकाळी डबा घेऊन सोल्वबर्गेच्या वाचनालयात जायचे, अर्ज पाठवायचे आणि दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे सांगलीत संध्याकाळ होताना, तिला व्हिडिओ कॉल लावायचा, असा माझा क्रम होता. एकदा माझ्या मागची कपाटे पाहून ती म्हणाली, “ऑफिसात केवढी पुस्तकं रे!” मी म्हणालो, “हो, नव्या इमारतीत आलोय.” तिने समाधानाने विचारले, “जेवलास का?” माझा डबा समोर न उघडता पडला होता. मी जेवलो म्हणालो.

माझ्या पाठीशी सगळी व्यवस्था असूनही मी खोटे बोललो. आम्ही परदेशी आलेले लोक घरच्यांच्या डोळ्यांत ‘तिकडे चांगले चालले आहे’ एवढ्याच रूपात उरतो, आणि ते रूप मोडले तर आपण त्या घराचे कोण, अशी भीती मला वाटत होती. पुढे नवी नोकरी लागल्यावर मी आईला ‘नोकरी बदलली’ असे कळवले. बायोडाटात ‘स्पर्धा परीक्षेची तयारी’ लिहा म्हणणाऱ्यांपेक्षा मी काही वेगळे केले नव्हते.

पुतण्याला मी काल रात्री सगळे लिहिले, महिन्यांच्या हिशेबासह. तेच आमच्या ग्रुपवर टाकायचे मी ठरवले आहे. त्या ग्रुपवर आई आहे, आणि मजकूर लिहून तयार असूनही तो अद्याप माझ्याकडून पाठवला गेलेला नाही.