मिशिमावरचा चित्रपट आणि राखून ठेवलेले तीन शेवट

लेखकावर चित्रपट काढायचा तर मुख्य अडचण ही, की त्याचं खरं काम कॅमेऱ्याला दिसत नाही. माणूस बसतो, लिहितो, खोडतो, बस्स. मग बहुतेक चरित्रपट लग्न, दारू, भांडणं आणि पुरस्कार यांवरच वेळ काढतात. पुस्तकं कपाटात शोभेपुरती उरतात. जपानी कादंबरीकार युकिओ मिशिमावरचा, पॉल श्रेडरचा १९८५ सालचा ‘मिशिमा : अ लाइफ इन फोर चॅप्टर्स’ या खड्ड्यात पडत नाही, आणि कसा पडत नाही हे नीट बघण्यासारखं आहे.

२५ नोव्हेंबर १९७०. युकिओ मिशिमा ‘ताते नो काई’ या स्वतःच्या संघटनेतल्या चार तरुणांना घेऊन टोकियोतल्या इचिगाया लष्करी तळावर जातो, तिथल्या जनरलला ओलीस धरतो, सज्जातून सैनिकांपुढे भाषण करतो. सैनिक त्याची हुर्यो उडवतात. आत येऊन तो सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करतो. चित्रपट त्या दिवसाच्या सकाळी सुरू होतो आणि तीन धाग्यांनी पुढे जातो. हा दिवस साध्या, वास्तव रंगांत. बालपण, आजी, सैन्यभरतीतून झालेली सुटका, पहिलं यश हे सगळं कृष्णधवल. आणि तिसरा धागा मिशिमाच्या तीन कादंबऱ्यांचा, उघडउघड नाटकी सेटवर. तिथे सेट रचणाऱ्या एको इशिओकाने प्रत्येक कादंबरीला वेगळे रंग दिलेत : ‘किनकाकुजी’ला सोनेरी-हिरवा, ‘क्योकोचं घर’ला गुलाबी-करडा, ‘उधळलेले घोडे’ला नारिंगी-काळा. फिलिप ग्लासच्या संगीताचीही अशीच वाटणी आहे. आठवणींना फक्त चार तंतुवाद्यं, शेवटच्या दिवसाला लष्करी ढोलाचा ठेका, कादंबऱ्यांना मोठा वाद्यवृंद. त्यामुळे काळ कितीही मागेपुढे झाला तरी आपण कुठे आहोत ते कानाला आधी कळतं.

पण माझ्या लेखी खरी करामत संकलनाची आहे. तिन्ही कादंबऱ्या ऐन टोकाला आणून श्रेडर सोडून देतो. ‘किनकाकुजी’तला तोतरा मिझोगुची मंदिर जाळायला निघतो, आग दिसत नाही. ‘क्योकोचं घर’मधला ओसामू एका सावकार बाईच्या करारात अडकतो, अंत दिसत नाही. ‘उधळलेले घोडे’मधल्या इसाओचा कट फसतो, पुढचं दिसत नाही. हे तिन्ही शेवट मिशिमा पोटात खंजीर खुपसतो त्या क्षणी एकापाठोपाठ येतात. ‘बालपणी असं घडलं म्हणून त्याने असं लिहिलं’ हे नेहमीचं सोपं गणित इथे उलटतं : आधी लिहून झालं होतं, जगणं मागून आलं.

यातली मधली कादंबरी, ‘क्योकोचं घर’, खरं तर दुसऱ्या पसंतीची. श्रेडरला मिशिमाचीच ‘किनजिकी’ हवी होती, त्याच्या पत्नीने परवानगी नाकारली. तरी हाच भाग मला सर्वांत धारदार वाटतो, कारण शरीर घडवण्याचा ध्यास आणि ते नष्ट करण्याची ओढ इथे एकाच माणसात दिसते.

माझी तक्रार शेवटाशीच आहे. तो फार सुंदर आहे. सेप्पुकूत शेवटी साथीदाराने शिरच्छेद करायचा असतो; प्रत्यक्षात त्या चार तरुणांपैकी मोरिताची तलवार चुकली, शिरच्छेद दुसऱ्याने पूर्ण केला, आणि मग पंचवीस वर्षांच्या मोरितानेही तिथेच जीव दिला. यातलं काहीच पडद्यावर नाही. उगवता सूर्य आहे. मिशिमाने स्वतःच्या मृत्यूची जी मांडणी ठरवली होती, ती श्रेडरने जवळपास जशीच्या तशी स्वीकारली. एक तरुण पोरगा सोबत मेला, हे चरित्रकाराने गाळायला नको होतं.

आपल्याला जवळची एक गोष्टही चित्रपटात नाही. मिशिमा १९६७ मध्ये भारतात आला होता, आणि चार खंडांच्या शेवटच्या कादंबरीमालेतल्या तिसऱ्या भागात त्याने बनारस आणि आपलं अजिंठा आणलंय. चित्रपटाने या मालेतला दुसरा खंड, ‘उधळलेले घोडे’, घेतल्यामुळे अजिंठ्याचा धबधबा राहून गेला.

बघणार असाल तर निवेदन तपासून घ्या. संवाद जपानीच आहेत, पण निवेदन रॉय शायडरच्या इंग्रजी आवाजात किंवा मिशिमाची भूमिका करणाऱ्या केन ओगाताच्या जपानी आवाजात मिळतं. ओगाताचंच निवडा, पात्र आणि निवेदक एकाच गळ्यातून बोलतात तेव्हा कादंबरीतून आयुष्यात येताना सांधा जाणवत नाही. आधी काही वाचायचंच असेल तर ‘किनकाकुजी’ पुरेशी आहे. बाकी दोन भाग न वाचताही कळतात.