सायलेन्सर म्हणजे बंपर नव्हे रे!

ज्या कुणी ही झिरो टर्न मशिनं, म्हणजे वर बसून गवत कापायची आणि जागच्या जागी वळणारी मशिनं, डिझाइन केली ना, त्याला एकदा जुलैत गोव्यात, पेडण्यात आणा. आमच्या रिसॉर्टच्या लॉनवर त्या सीटवर बसवा, एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे लाल दगडाची कुंपणभिंत, दुसऱ्या बाजूला माडांची रांग, खाली महिनाभर पावसात भिजून फुगलेली जमीन, आणि सांगा की काप बाबा गवत, पण मागचा सायलेन्सर एकदाही कुठे लागता कामा नये. दुपारच्या जेवणापर्यंत तरी टिकतोय का बघू.

म्हणजे बघा ना, लाखांत मशीन घ्यायचं. डेकला, म्हणजे पात्यांवरच्या झाकणाला, जाड पत्रा, पुढच्या चाकांचे दांडे असले भक्कम की गडगा पडेल पण ते वाकणार नाहीत, सीटला सस्पेन्शन, कप ठेवायला जागासुद्धा! कप ठेवायला!! आणि मागे? मागे सगळं उघडं. इंजिन, त्याच्या मागे आडवा लटकलेला सायलेन्सर, आणि त्याच्यानंतर काहीच नाही. मशीन मागे कशावर गेलं की पहिला मार कोण खाणार, तर जो सगळ्यात पातळ पत्र्याचा आहे तो. काही मशिनांना मागे चांगला जाड बंपर येतो, नाही असं नाही, पाहिलेत मी. पण आमच्याकडे जे आलंय त्याला नावाला एक जाळी आहे, तीही कुणाचा हात भाजू नये म्हणून, धक्का सोसायला नाही. बोटाने दाबली तर हलते ती.

आता ज्यांनी हे मशीन चालवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण आमच्या मॅनेजरसाहेबांना सांगून सांगून घसा बसलाय. याला स्टिअरिंग नसतं, दोन हँडल असतात, एक डाव्या चाकाचं एक उजव्या चाकाचं. एक पुढे ढकललं आणि दुसरं मागे ओढलं की मशीन जागच्या जागी गोल फिरतं, आणि फिरतं ते मागच्या दोन चाकांच्या मधल्या बिंदूभोवती. इंजिन कुठे आहे? त्या चाकांच्या मागे. म्हणजे नाक डावीकडे गेलं की शेपूट उजवीकडे जाणार, यात कुणाची हुशारी चालत नाही. अरुंद रस्त्यात बस वळताना तिचा मागचा कोपरा कडेला उभ्या माणसाच्या अंगावर येतो ना, तसंच. गडग्याच्या कडेने अगदी चिकटून छान कापत आलात, टोकाला पोचलात, आता गडग्यापासून लांब वळायचं म्हणून हँडल मारलं, तुम्ही लांब जाताय असं तुम्हाला वाटतंय, आणि तुमच्या पाठीमागे सायलेन्सर थेट चिऱ्यात. ऑपरेटरला दिसत काहीच नाही कारण तो पुढे बघतोय, आणि मागे वळून बघितलं तरी मध्ये इंजिन. पावसाळ्यात तर वळायचीही गरज नाही, उताराला चाकं घसरली की शेपूट आपोआप जाऊन टेकतं. आणि आमच्या इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर गवत थांबायचं नाव घेत नाही, म्हणजे सगळ्यात जास्त कापायचे दिवस तेच आणि सगळ्यात जास्त घसरायचे दिवसही तेच.

आणि हे "नुसता पोचा आलाय" म्हणणारे लोक मला डोक्यात जातात. अरे पोच्याचं दुःख नाही रे. सायलेन्सरला पोचा आला तर येऊदे, तो काय फोटो काढायला ठेवलाय? पण तो धक्का जातो कुठे ते बघा. सायलेन्सर पाइपला, पाइप फ्लँजला म्हणजे टोकाच्या चपट्या पट्टीला, फ्लँज दोन स्टडवर म्हणजे आट्यांच्या दांड्यांवर, आणि ते स्टड कशात? इंजिनच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या टोपणात, आणि हेड अॅल्युमिनियमचं. मार बसतो लांबच्या टोकाला आणि जोर येतो त्या दोन स्टडवर. आमचं व्ही-ट्विन आहे, दोन सिलिंडर, दोन पाइप, मागे एकच सायलेन्सर, म्हणजे एका ठिकाणी ठोकलं की दोन्हीकडे ओढ बसते. आधी फ्लँजच्या जोडातलं पॅकिंग फुटतं. मग स्टड ढिला होतो. मग कुणीतरी शहाणा पाना घेऊन तो कचकचून आवळतो आणि अॅल्युमिनियमचे आटेच बाहेर येतात. नाहीतर गंजलेला स्टड आतच तुटतो, आणि समुद्रकिनारी गंजायला काय वेळ लागतो हो, खारी हवा, वर रोजचं तापणं आणि गार होणं. मग तुटलेला स्टड ड्रिल मारून काढा, हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी, बसवा, त्यासाठी इंजिन अर्धं उघडा, म्हापशाच्या लेथवाल्याच्या हातापाया पडा, तो म्हणणार परवा ये. गवत परवापर्यंत थांबत नाही.

आणि पॅकिंग फुटलेलं तसंच चालवलं तर? फ्लँजपाशी काळी काजळी, हँडल सोडलं की फट्‌ फट्‌ फट्‌, आणि तो तापलेला धूर थेट वायरिंगवर. कंपनीची वायर, वरचं प्लास्टिक वितळून तांबं बाहेर आलेलं मी स्वतः पाहिलंय. वर सीटवरचा पोरगा दिवसभर तो धूर छातीत घेतोय ते वेगळंच. त्याची कुणाला पडलेली नाही. पण रूममधल्या गेस्टने आवाजाची तक्रार केली की लगेच मला फोन, "मशीन एवढं का वाजतंय?" वाजणारच ना साहेब, सायलेन्सर आहे कुठे त्याला!

पोरांचंही काय सांगू. सकाळी शेडमधून मशीन बाहेर काढलं आणि आवाज ऐकूनच मला कळलं. विचारलं, काय झालं रे? "कांयच जावंक ना दादा." काहीच नाही झालं. बरं. मागे जाऊन खाली वाकलो तर सायलेन्सरच्या डाव्या कोपऱ्यावर ताजा सिल्व्हर रंग. संपूर्ण सायलेन्सर तांबूस गंजका आणि एकच कोपरा चकचकीत! नखाने खरवडला तर रंगाच्या खाली चिऱ्याची लाल माती, पत्र्याच्या घडीत घट्ट बसलेली. म्हणजे ठोकलं, लपवायला रंग आणला, आणि पुसायचेही कष्ट घेतले नाहीत, मातीवरच ब्रश फिरवला. त्यात तो साधा ऑइल पेंट, पंधरा मिनिटं इंजिन चालल्यावर फोड आले त्याला आणि असला घाण वास सुटला की किचनवाले बाहेर आले.

तरी मी पोराला जास्त बोललो नाही, कारण खरं सांगू का, त्याची चूक दहा टक्के. चवथीला, म्हणजे गणपतीत, जुना ऑपरेटर गावी गेला तो परत आलाच नाही, याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. चावी दिली आणि जा म्हणाले. वर हुकूम काय, तर माडाच्या बुंध्याला अगदी चिकटून कापायचं, गवताची एक काडी उभी दिसता नये. अरे बुंध्याभोवती दोन फुटांचं आळं करा, सोडणं, म्हणजे नारळाची सालं, घाला, पालापाचोळा घाला, माडालाही बरं आणि मशीन तिकडे न्यायचीच गरज नाही. कडेची पट्टी खांद्यावरच्या ग्रास कटरने मारा. हे मी लिहून दिलंय. उत्तर आलं की आळी "लग्नाच्या फोटोत बरी दिसत नाहीत". हो का. आणि पोचलेल्या सायलेन्सरचं फटफटणं व्हिडिओत बरं वाटतं वाटतं!

शेडचा तर वेगळाच अध्याय आहे. संध्याकाळी मशीन रिव्हर्स घेऊन आत लावायचं, आणि थांबायचं कधी, तर भिंतीला "ठक" झालं की. ही इथली पद्धत! जमिनीवर चाकांपुरता एक लाकडी ओंडका टाका, चाक त्याला अडलं की शेपूट भिंतीपासून फूटभर लांबच राहतं, फुकटचं काम आहे, पडलेला माड कापून ओंडके मागेच कुजतायत. टाकला मी. आठवड्यात गायब. पायात येतो म्हणून कुणीतरी उचलून चुलीत घातला.

बरं, उपाय काय हे काही रॉकेट सोडणं नाहीये. सव्वा इंची एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइप, चांगला जाडीचा, त्याचा यू आकाराचा गार्ड, सायलेन्सरच्या शेवटच्या टोकापेक्षा दोन-तीन इंच मागे येईल असा, आणि बसवायचा चेसिसला, म्हणजे मशीनच्या सांगाड्याला. चेसिसला! इंजिनला नाही, सायलेन्सरला तर नाहीच नाही. हे मी इतकं ओरडून का सांगतोय, कारण पहिल्या वेल्डरने काय केलं असेल? पट्टी आणली आणि म्हणतो सायलेन्सरलाच वेल्ड मारून देतो, मजबूत होईल. अरे महाराजा, मग मार परत त्याच स्टडवर जाणार ना! उलट आता वजन पण वाढलं, इंजिनच्या थरथरीने महिन्याभरात फ्लँजच तुटेल. त्याला हात जोडले आणि मशीन परत आणलं. वर तो बॅटरीची वायर न काढताच वेल्डिंगची अर्थिंगची वायर लावायला निघाला होता, आणि पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर. माझ्या अंगावर काटा आला आणि तो शांतपणे बिडी शोधत होता.

दुसरा शहाणा निघाला त्याने पाइपऐवजी सगळा पत्राच ठोकला मागे. कपाटासारखा बंद. दिसायला एकदम फिट. पण इंजिन एअर कूल्ड, म्हणजे हवेने गार होणारं, आहे, गरम हवा बाहेर जाणार कुठून? सायलेन्सरचा पत्रा दोनशे डिग्रीच्या पुढे सहज जातो, आणि त्या बंद जागेत कापलेल्या गवताचा भुगा साठत राहतो. पावसाळ्यात ओला असतो तोवर चालतं. ऑक्टोबर उजाडला, गवत वाळलं, आणि एक दिवस त्या पत्र्यातून धूर. पाण्याची बादली घेऊन धावलो आम्ही. त्याच संध्याकाळी ग्राइंडर लावून सगळा पत्रा कापून काढला. म्हणून म्हणतो, उघडा पाइपच पाहिजे, हवा खेळली पाहिजे, ब्रश घालून भुगा काढता आला पाहिजे, धुराचं तोंड अडता कामा नये, आणि नट-बोल्टवर पाहिजे म्हणजे ऑइल फिल्टर बदलताना सोडता येईल. वजनही बेतात ठेवायला लागतं, या मशीनचा भार आधीच मागे, अजून वीस-पंचवीस किलो मागे लटकवले की चढावर पुढची चाकं उचलतील. आणि गार्ड खाली फार उतरवला तर पिकअपवर चढवताना फळीवर पुढची चाकं गेली की गार्ड जमिनीला घासणार. एवढंच. एका शहाण्या वेल्डरचं एका दिवसाचं काम आहे हे, मोठं जहाज नाही बांधायचंय.

पण नाही. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणतो बाहेरून काही लावलं तर वॉरंटी जाईल. बरं मग ठोकून सायलेन्सर गेला तर वॉरंटीत मिळेल का? नाही, ते अपघाताचं नुकसान, ते वॉरंटीत येत नाही. म्हणजे लावलं तरी आमचं मरण आणि नाही लावलं तरी आमचंच.

आणि ऑफिसची तऱ्हा तर काय वर्णावी. नवीन सायलेन्सर, पॅकिंग, स्टड, लेथवाला, सगळं मिळून बिल कितीही होऊदे, ते जातं "ब्रेकडाउन"मध्ये आणि दोन दिवसांत पास. गार्ड मात्र "मॉडिफिकेशन". त्याला वेगळा फॉर्म, त्याला वरून मंजुरी, त्याला कारण लिहून द्या. मी कारण लिहिलं, सोबत मोडक्या सायलेन्सरचे फोटो जोडले. मॅनेजर फोटो बघून म्हणतात, यापेक्षा मागे जुना टायर का बांधत नाही, फुकटात होईल. टायर. रबराचा. तापलेल्या सायलेन्सरवर. मी दोन मिनिटं काही बोललोच नाही, म्हटलं तोंडातून काहीतरी निघून जाईल.

काल उत्तर आलं फॉर्मचं. तीन कोटेशन आणा. एका वाकवलेल्या पाइपला तीन कोटेशन! एक तो सायलेन्सरला वेल्ड मारणारा, दुसरा तो कपाटवाला, आणि तिसरा मी आता कुठून शोधून आणू? शनिवारी लॉनवर लग्न आहे, शुक्रवारी सकाळी कापायचंय, मांडववाल्यांनी आजच गडग्याच्या कडेने लोखंडी खांब रोवून ठेवलेत, आणि सीटवर बसणार तोच, सिल्व्हर रंगवाला.