तिसऱ्यांचं यमक

नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात यंदा दर्यागीतांची स्पर्धा आहे आणि तुमचं नाव घातलंय, असं शेजाऱ्यांनी परस्पर जाहीर केलं, तेव्हा मी मूळचा सांगलीचा आहे हे ते विसरले होते. मालवणात नऊ वर्षं काढली, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत मी अजून डोळे मिटूनच बसतो. "मास्तर आसात, लिवतलास," एवढ्यावर विषय संपला.

गाणं स्वरचित, तीन कडव्यांचं आणि दर्यावर हवं होतं. पहिल्याच ओळीत 'नाखवा' येऊन बसला आणि तिथेच घात झाला. दोन रात्री मी आढ्याकडे बघत 'राखवा, झाकवा, वाकवा' करत पडलो होतो. तिसऱ्या रात्री 'चाखवा' सापडलं. त्याच्यापायी नायिकेला भर वादळात बांगड्याचं तिखलं रांधावं लागलं, पण यमकासाठी माणसं याहून वाईट गोष्टी करतात.

परीक्षक तीन. एक गायक, एक प्राध्यापिका आणि एक सत्तरीतले तांडेल, म्हणजे मच्छीमार होडीचे म्होरके. पहिले दोघे माना डोलवत होते. तांडेल माझ्या कागदावर पेन्सिलीने खुणा करत होते. मला वाटलं, टाळ्यांच्या जागा टिपताहेत.

गाणं संपल्यावर त्यांनी माईक घेतला.

"मास्तरांनू, ह्यो तुमचो नाखवो आषाढात दर्यात खय गेलो? 1 जून ते 31 जुलै बंदी असता. दंड कोण भरतलो?"

मांडव हसला. मीही हसलो, सुरुवातीला हसावंसं वाटतं.

"आणि पुनवेच्या पहाटेक भरती? पहाटेक सुकती असता. तुमी शाळेत काय शिकवतास?"

भूगोल. मी भूगोल शिकवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे सुकती, ओहोटीच. पहिल्या रांगेतल्या माझ्या नववीच्या पोरांनी तोपर्यंत बोटांवर हिशेब करून एकमेकांना कोपरं मारली होती.

पण खरा घाव तिसऱ्या कडव्यावर होता. 'जाळ्यात गावल्या तिसऱ्या, पोरी झाल्या हसऱ्या.' तांडेलांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, त्या खाडीच्या चिखलात रुतून बसलेल्या असतात, ओहोटीला हाताने उकरून काढाव्या लागतात, हे मासळी खाणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून वाकल्या होत्या. माझी बायको त्यांच्यातच होती. ती इथलीच, दर्यावर्द्यांच्या घरातली.

"तुला आधी कळलं होतं?" मी खाली उतरल्यावर विचारलं.

"यमक बरा जुळलेला, म्हणान गप रवलंय."

उत्तेजनार्थ म्हणून माझ्या हाती नारळ दिला. नोकरीतून काढतानाही हेच म्हणतात, हा विचार मी मनातच ठेवला. बाहेर नारळ लढवायचा खेळ रंगला होता. बायकोने माझा नारळ उचलला, कानाशी धरून टिचक्या मारल्या आणि गर्दीत शिरली. अर्ध्या तासाने पिशवी ओढत आली. माझ्या नारळाने चौघींचे फोडले होते, आणि फुटलेले चारही आमचे.

"पुढच्या वर्षीय लिवा," ती म्हणाली. "नारळ घट्ट देतत."