‘चार जणांची चार मतं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की तीन महिने फी भरली तरी मुलगा बोलत नाही. सुरुवातीला नुसते कागद भरले, मग कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं, मग दातांच्या. आईलाच सेशनमध्ये बसवतात, मग फी कसली? बैठकीत ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं आणि हालचाली जमवायला मदत करणारी) एक सांगितलं, वर्तन थेरपिस्टने दुसरंच, म्हणजे यांच्यातच एकमत नाही. स्टेम सेल (मूलपेशी) उपचारांचं विचारलं तर सरळ नाही म्हणाले. आणि एबीएत (वागण्याची कारणं शोधून नवं वागणं शिकवणाऱ्या थेरपीत) मुलाचा रोबोट करतात हे ऐकलेलं आता खरं वाटू लागलंय.

तुमच्या मुलाबद्दल इथे मी एक अक्षर लिहिणार नाही. त्याच्याबद्दल बोलायचं ते समोरासमोर. खाली जे लिहिते आहे ती ऑटिझम असलेल्या मुलांसाठीच्या आमच्या फोंड्याच्या केंद्राची कामाची पद्धत आहे. डिचोली, वाळपई, पेडण्याहून बस बदलत येणारे पालकही हा अभिप्राय वाचून ठरवतील, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

एकमत नाही, हे तुम्ही बरोबर पाहिलंत. आमच्या बैठकीत मतभेद होतात आणि ते पालकांच्या समोर व्हावेत असा माझाच आग्रह आहे. समजा, एखादं मूल टेबलाशी बसत नाही, उठून पळतं, हात चावतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणते, अंगाला स्वस्थता नाही, वजनाचं जॅकेट घालून पाहू. वर्तन थेरपिस्ट म्हणतो, अवघड काम पुढे आलं की तो चावतो आणि चावला की काम थांबतं, म्हणजे चावण्याने त्याची सुटका होते. स्पीच थेरपिस्ट म्हणते, ‘पुरे’ म्हणायला त्याच्याकडे साधनच नाही, तर तो करणार काय? तिघांचं शिक्षण वेगळं, म्हणून तिघांना वेगळं दिसतं. यातलं कुठलं धरायचं हे वयाने, पदवीने किंवा आवाजाने ठरू नये. मालकीण म्हणून मीही ते ठरवत नाही.

ते नोंदींवरून ठरतं. काही दिवस जॅकेट घालून, काही दिवस न घालता. काम तेच, वेळ तीच. दोन माणसं वेगवेगळं बसून मोजतात आणि नंतर आकडे ताडून पाहतात, कारण मोजणाऱ्यालाही जॅकेट दिसत असतं आणि मनात आशा असते. आलेखावर दोन्ही प्रकारच्या दिवसांच्या रेषा एकमेकींत गुंतल्या, म्हणजे फरक दिसला नाही, तर जॅकेट कपाटात जातं. वजनाच्या जॅकेटवर छापून आलेल्या बऱ्याच अभ्यासांत ठोस फायदा दिसलेला नाही, हे आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही ठाऊक आहे. म्हणूनच मोजून पाहू असं ती स्वतः म्हणते. दुसरीकडे, काम पुढे आल्यावरच चावणं वाढत असेल आणि मोकळ्या खेळात ते जवळपास नसेल, तर कारण सापडलं. अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हेच दाखवून दिलं होतं: स्वतःला इजा करून घेण्याचं वागणं वरून सारखं दिसलं तरी प्रत्येक मुलात त्याचं कारण वेगळं असू शकतं. कुणाला लक्ष हवं असतं, कुणाला कामातून सुटका, तर कुणाला ती संवेदनाच हवी असते. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी पुढचं पाऊल टाकलं. मूल त्या वागण्यातून जे मिळवतं तेच मागायला त्याला शिकवलं, तर ते वागणं कमी होतं. म्हणजे या मुलासाठी स्पीच थेरपिस्टचं ‘पुरे’चं कार्ड (बोलण्याऐवजी दाखवायचं चित्र) हाच इलाज. ते कधी, किती वेळा आणि कामाच्या कुठल्या टप्प्यावर वापरायचं हे वर्तन थेरपिस्ट बसवतो. पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधते. तिघांतल्या एकालाही वगळून हे काम होत नाही.

कान आणि दातांचं बोलायचं तर ते वेळ काढणं मुळीच नव्हे. जे मूल ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही ते गालावर मारतं, डोकं आपटतं. दाढ किडलेली असताना त्यावर वर्तनाचा कार्यक्रम आखणं हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि तो आमच्या केंद्रात होणार नाही. पोट साफ न होणं हाही तसाच त्रास. ऑटिझम असलेल्या मुलांत तो बराच आढळतो. कानाचं तर आणखी महत्त्वाचं. पडद्यामागे पाणी साचलं की ऐकणं कधी ठीक, कधी कमी असं होतं, आणि हाक मारल्यावर बघत नाही ते ऑटिझममुळे की ऐकू न आल्यामुळे हे बाहेरून कळत नाही. लहान मूल स्वस्थ बसून तपासणी करू देत नसेल तर त्याला झोपवून बेरा चाचणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी) करता येते. त्यासाठी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला, एक खेप होते, रजा काढावी लागते, हे मला कळतं. पण तो कागद हातात असल्याशिवाय आमच्या स्पीच थेरपिस्टने पुढे जाऊ नये, असंच मी सांगेन.

सुरुवातीचे कागद म्हणजे बेसलाइन. सुरुवात कुठून झाली हे लिहिलेलं नसेल तर तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, तुम्हीही नाही आणि आम्हीही नाही. पुढे आलेखात अचानक उडी दिसली की आम्ही आधी घरी फोन करतो: झोप झाली का, औषध बदललं का, चवथीला घरात पाहुणे आहेत का.

बोलण्याबद्दल मी तारीख देत नाही आणि देणारही नाही. तीन महिन्यांत बोलतं करतो म्हणणारा माणूस त्या मुलाला ओळखत नसतो. चित्रांची कार्डं दिली की मूल आळशी होईल, बोलणारच नाही, ही भीती मी जवळजवळ प्रत्येक आईकडून ऐकते. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी अशा पर्यायी साधनांवरचे अभ्यास तपासले. त्यांतल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्क्यांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडं. थोडं हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आणखी एक: घरी कोंकणी, आजीकडे मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून मूल गोंधळतं, फक्त इंग्रजीच बोला, असा सल्ला आपल्या गोव्यात फार जणांना मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत हाक मारते त्या भाषेतली कार्डं करायला आमची हरकत नसते, उलट मी तीच आधी करायला सांगते.

आईला सेशनमध्ये का बसवतो? याचा पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे. संगाथ ही इथली संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे सहकारी यांनी मिळून ६५ मुलांवर केलेला ‘पास’ हा अभ्यास २०१६ मध्ये लॅन्सेट सायकायट्रीत छापून आला. तो एबीएचा नव्हे. आई-वडिलांमार्फत संवाद वाढवण्याच्या पद्धतीचा होता, आणि तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी तो राबवला. पालक मुलाला प्रतिसाद देण्यात सुधारले, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. एका गोष्टीवर लक्ष राहण्याचा दोघांचा एकत्र वेळ मात्र कमी झाला, आणि तेही त्यांनी लपवलं नाही. दुसऱ्या शाखेचं काम म्हणून आम्ही त्याकडे पाठ फिरवली असती तर तोटा मुलांचाच होता. मूल आमच्याकडे काही तास असतं, बाकी वेळ तुमच्यापाशी. फी आहे ती तुम्हाला तयार करण्याचीही आहे.

स्टेम सेलला नाही म्हणाले, ते मीच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट केलं आहे. पालकांची इच्छा हा निर्णयाचा एक भाग आहे, आम्ही ती विचारतो आणि लिहून ठेवतो. पण त्यासाठी कुणी घरातलं सोनं गहाण ठेवणार असेल तर गप्प बसणं मला जमणार नाही.

आता रोबोट. हा आक्षेप ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः घेतात आणि मी तो ऐकते. एबीएचा इतिहास स्वच्छ नाही. एबीएतले अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात १९ पैकी ९ मुलं शाळेत इतरांच्या बरोबरीला आली असं लिहिलंय. पण कुठल्या मुलाला कुठल्या गटात घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि मोठ्याने ‘नाही’ ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही त्या पद्धतीत होतं. आमच्याकडे शिक्षा नाही. हात फडफडवणं थांबवणं, जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं ही उद्दिष्टं आम्ही घेत नाही. भूक लागली हे सांगता येणं, संडासला जाता येणं, नको असेल तर नको म्हणता येणं, ही घेतो. मूल रडून नको म्हणत असेल तर सेशन थांबतं, आणि का थांबलं ते लिहिलं जातं.

तुमच्या नोंदवहीची आणि आलेखांची पूर्ण प्रत तुमची आहे, मागाल त्या दिवशी मिळेल. दुसऱ्या केंद्रात जायचं ठरवलंत तर ती तिथे द्या. आमचे तिघेही तिथल्या थेरपिस्टशी फोनवर बोलतील, त्याचे पैसे नाहीत. आणि इथेच राहणार असाल तर पुढच्या बैठकीला मुलाच्या वडिलांना, आजीला आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना वेळ असेल तर त्यांनाही घेऊन या. जॅकेट असो, कार्डं असोत, पुढचे तीन महिने काय मोजायचं हे तुमच्यासमोरच ठरवू. पहिलं उद्दिष्ट कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगायचं.

केंद्रचालिका, फोंडा