‘घाबरू नका’ कोण म्हणतंय?

आर्थिक संकट आलं की प्रत्येक सत्ताधारी एकच सांगतो, घाबरायचं कारण नाही. ते ऐकून लोक घरी निवांत बसतात की बँकेच्या दारात रांग लावतात, हे त्या माणसाच्या आजवरच्या बोलण्या-वागण्यावर ठरतं. त्याला अर्थशास्त्र किती कळतं हा माझ्या मते नंतरचा प्रश्न.

मार्च १९३३. अमेरिकेत बँका धडाधड बुडत होत्या. रूझवेल्ट ४ तारखेला अध्यक्ष झाले आणि दोन दिवसांत देशभरातल्या बँकांना टाळं लावलं. १२ तारखेला, रविवारी रात्री, ते रेडिओवर आले. बँक आपल्या पैशाचं काय करते, सगळेच एकदम काढायला गेले तर ते हातात का पडत नाहीत, हे त्यांनी कुणालाही कळेल असं समजावलं. आणि हेही सांगून टाकलं की सगळ्या बँका उघडतीलच असं वचन मी देत नाही, काहींचं नुकसान होईल. भर संकटात असं बोलायला छाती लागते! सोमवारपासून बँका उघडू लागल्या, तर लोक घरात दडवलेले पैसे परत भरायला आले. अर्थात नुसत्या भाषणावर भागलं नाही. ९ तारखेलाच कायदा झाला होता आणि तपासून सुस्थितीत दिसलेल्या बँकाच आधी उघडणार होत्या.

आता अर्जेंटिना बघा. ठेवींना हात लावणार नाही, असा चक्क कायदा २००१ मध्ये केला. त्याच वर्षी डिसेंबरात खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आली. लोक भांडी बडवत रस्त्यावर उतरले, अध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. जानेवारीत दुआल्दे अध्यक्ष झाले आणि ठासून म्हणाले, ज्याने डॉलर ठेवलेत त्याला डॉलरच मिळतील. काही आठवड्यांत त्या ठेवींचे पेसो (तिथलं चलन) झाले, एका डॉलरला १.४० पेसो या दराने. बाजारात डॉलर याहून कितीतरी महागला होता. तिजोरीत डॉलर नव्हतेच, मान्य. मग शब्द द्यायचाच कशाला?

(ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांचं तर २०२२ मध्ये दीड महिन्यात आटोपलं. सरकारी जमाखर्च तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा अंदाज बाजूला ठेवून करकपात जाहीर केली आणि बाजाराने विश्वासच ठेवला नाही.)

‘खरं सांगितलं तर घबराट पसरेल’ हा युक्तिवाद नेहमीचा, आणि तो अगदीच पोकळ नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये ग्रीसच्या नव्या सरकारने सांगितलं की अर्थसंकल्पातली तूट आधी दाखवलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त आहे. खरं बोलले ते नवे पंतप्रधान पापांद्रेऊ, पण कर्ज महागलं त्यांच्याच काळात. बाजाराने नवं सरकार, जुनं सरकार असा भेद केला नाही, ग्रीसचे आकडेच संशयित ठरले. आधीच्यांच्या लपवाछपवीची पावती पापांद्रेऊंच्या नावाने फाटली आणि पगार-पेन्शनमधली कपात सोसली ती ज्यांनी एकही आकडा लपवला नव्हता अशा लोकांनी.