ओकायामात एक दिवस, आईच्या चालीने

जपानहून येऊन तीन आठवडे झाले आणि रोज कुणी ना कुणी विचारतंय, टोकियो कसं होतं, फुजी दिसला का, क्योतोत गर्दी होती का. सगळं छान होतं, फुजीपण दिसला. पण मला लिहायचंय ते ओकायामाबद्दल, जिथे आम्ही फक्त एक दिवस होतो आणि त्या अख्ख्या दिवसात मोजून तीन-चार जागा बघितल्या, आणि तरी घरी आल्यापासून आईच्या तोंडी तोच एक दिवस आहे.

ओकायामाच का ते आधी सांगते. आई कित्येक वर्षं सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी चालायला जाते. पुण्यातल्यांना माहितीये, त्या बागेचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ती दहा एकरांची बाग ओकायामातल्या कोराकुएन नावाच्या तीनशे वर्षं जुन्या बागेवरून बेतलेली आहे. रोज गेटवरचं ते नाव वाचत आत जायचं म्हणजे कधीतरी मनात येणारच ना की हे ओकायामा आहे तरी कुठे. ट्रिपचं ठरलं तेव्हा मी तिला विचारलं तुला काय बघायचंय, तर बाकी कशाचं नाव नाही, "ते मूळचं बघूया गं."

ज्यांच्याकडून आम्ही बुकिंग केलं त्यांनी खूप समजावलं. ओकायामात काय आहे मॅडम, त्या दिवसात ओसाका कॅसल, नारा आणि शॉपिंग तिन्ही होतील. ट्रिपचा हिशोब आपण असाच करतो हे मला मान्यच आहे, एवढा पैसा घालून जायचं तर जास्तीत जास्त बघायला हवं असं वाटणारच, आणि आईवडिलांना घेऊन गेलं की जास्तच वाटतं, कारण परत कधी येणं होईल कोण जाणे. पण माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे दुखतात, आणि चार दिवस स्टेशनांच्या जिन्यांवरून तिची जी ओढाताण झाली ती मी बघितली होती. चौथ्या रात्री हॉटेलात पाय चेपून देताना मी तिला विचारलं आज काय आवडलं, तर तिला आठवेचना. सकाळपासून सहा ठिकाणं झाली होती. मला खूप वाईट वाटलं. मग ठरवलं की ओकायामाचा दिवस तिच्या चालीने जाऊ दे, घड्याळ बघायचं नाही.

शिन-ओसाकाहून शिंकानसेनने पाऊण तास. हिरोशिमाला जाणारे बहुतेक सगळे हे स्टेशन खिडकीतूनच बघून पुढे जातात. बाहेर आलं की मोमोतारोचा पुतळा, पीचच्या फळातून जन्मलेला मुलगा, जो कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला खाऊ देऊन सोबत घेतो आणि राक्षसांशी लढायला जातो. जपानच्या घराघरातली ही गोष्ट, आणि हे शहर तिला आपली मानतं, मोठ्या रस्त्याला नावही मोमोतारोचंच. त्याच रस्त्यावरून ट्राम जाते. शहराची ट्राम सगळी मिळून 4.7 किलोमीटर, दोनच लाइनी, 1912 पासून चालू. आम्ही शिरोशिता स्टॉपला उतरलो, तिथून बागेपर्यंत चालत दहा मिनिटं म्हणतात, आम्हाला पंचवीस लागली.

बागेच्या दाराशीच क्रौंच पक्षी ठेवलेत, पांढरेशुभ्र, डोक्यावर लाल टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे एकही उरला नव्हता, मग 1956 मध्ये चीनचे लेखक गुओ मोरुओ यांनी जोडी भेट दिली, ते तरुणपणी ओकायामात शिकले होते म्हणून. विद्यार्थी म्हणून राहिलेल्या गावाला माणूस इतक्या वर्षांनी पक्षी पाठवतो हे मला फार आवडलं. त्यातला एक अचानक ओरडला तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला, एवढ्याशा गळ्यातून केवढा तो आवाज.

आत गेल्यावर आधी आकाशच दिसतं. जपानी बाग म्हटलं की आपल्याला दाट झाडी, शेवाळ, छोटं तळं असं काहीतरी वाटतं, इथे मात्र मोठंच्या मोठं मोकळं लॉन, मधून वळत जाणारा पाण्याचा ओहोळ, आणि झाडांच्या वरून डोकावणारा काळा किल्ला. किल्ला बागेत नाहीये, नदीच्या पलीकडे आहे, आणि मागचा मिसाओ डोंगरही बागेबाहेरचाच, पण बाग आखतानाच ते धरलेले आहेत. बाहेरचं दृश्य बागेने उसनं घ्यायचं अशी त्यांची पद्धतच आहे. आई म्हणाली, आपल्याकडे नाही का पर्वती दिसते झाडांवरून, तसंच. (आपल्या बागेत कुठल्या कोपऱ्यातून पर्वती दिसते ते तिला बरोबर माहितीये.)

ही बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने करून घेतली, काम 1687 ला सुरू झालं आणि 1700 मध्ये संपलं. प्रत्यक्षात उभी केली त्याच्या पदरी असलेल्या त्सुदा नागातादाने, आणि या माणसाबद्दल जरा थांबून सांगायलाच हवं. 1654 मध्ये इथल्या आसाही नदीला मोठा पूर आला, गावाचं फार नुकसान झालं. मग जास्तीचं पाणी गावाबाहेरून वळवून नेण्यासाठी एक वेगळा प्रवाह खोदला, ह्याक्केन नावाचा, तो पण याच नागातादाने केला. म्हणजे ज्याने पुराचं पाणी अडवायचं, वळवायचं कसं याचा विचार केला त्यालाच मग बाग करायला सांगितली. बागेत फिरताना हे कळतं हो. इथलं पाणी मिरवत नाही, कारंजी वगैरे नाहीत, ते नुसतं चालत राहतं, तळ्यात शिरतं, बाहेर पडतं, भाताच्या खाचराकडे जातं. हो, बागेत भातशेती आहे, छोटा चहाचा मळाही आहे. सुरुवातीला तर बागेचा बराच भाग शेतीच होता. आम्ही गेलो नोव्हेंबरच्या मध्यात, भात कापून झालेला, चहाच्या झुडपांना पांढरी फुलं, आणि एका कोपऱ्यात मेपलची झाडं लालभडक.

आणि र्युतेन. यासाठी तरी जा. साधं लाकडी घर, खाली चारी बाजूंनी उघडं, आणि त्याच्या जमिनीतून, म्हणजे अक्षरशः बैठकीच्या मधून, ओहोळ वाहतो. पाण्यात सहा रंगीत दगड मांडलेत. आजूबाजूला लाकडी जमीन, तिथे बसायचं. सरदार इथे विसाव्याला यायचा. युद्धात बागेतल्या बऱ्याच इमारती गेल्या, ही वाचली. आम्ही तिथे बसलो आणि किती वेळ बसलो मला खरंच सांगता येणार नाही, नंतर फोटोंच्या वेळा बघितल्या तर सव्वा तास झाला होता. आई भिंतीला टेकून नाही, पाण्याकडे तोंड करून, अंगणात तांदूळ निवडायला बसते तशी मांडी घालून बसली होती, गुडघे दुखतात हे विसरून. तीन वेगवेगळे ग्रुप आले, झेंडीवाल्या गाइडबरोबर, उभ्यानेच फोटो काढून पुढे गेले. त्यांना नावं ठेवत नाहीये, चार दिवस आम्हीपण तेच केलं होतं. पण बसल्यावर पाचेक मिनिटांनी पाण्याचा आवाज ऐकू यायला लागतो, त्याआधी तो असतो पण कानात शिरत नाही, आणि उन्हाची तिरीप पाण्यावरून वर छताला जाऊन हलते हे मला पाऊण तासाने दिसलं. उभ्या उभ्या ते दिसलंच नसतं.

तिथेच मी तिला बागेच्या नावाचा अर्थ सांगितला. कोराकुएन म्हणजे नंतर आनंद घेण्याची बाग. राज्यकर्त्याने लोकांच्या आधी काळजी करावी आणि लोकांच्या नंतर सुख घ्यावं असं एक जुनं चिनी वचन आहे, त्यावरून 1871 मध्ये हे नाव ठेवलं, त्याआधी किल्ल्यामागची बाग एवढंच म्हणायचे. आणि सरदारांच्या काळातही ठरलेल्या दिवशी साध्या रयतेला आत येऊन बघता यायचं. 1884 पासून तर ती सगळ्यांसाठीच खुली आहे. आई म्हणाली, "म्हणजे आपली पाळी आता आली."

नंतर एक छोटा टेकडीवजा उंचवटा आहे, युइशिन्झान, जेमतेम सहा मीटर. हा मूळचा नाही, त्सुनामासाच्या मुलाने नंतर केला. पायऱ्या आहेत म्हणून मी नको म्हणत होते पण ती चढली, सावकाश. वरून सगळं एकदम दिसतं, तळं, लॉन, किल्ला. खाली उतरल्यावर टपरीवजा चहाच्या दुकानात माच्चा, म्हणजे हिरव्या चहाची पूड घोटून केलेला चहा, आणि किबीदांगो घेतले, मऊ गोळ्या, मोमोतारोने प्राण्यांना दिला तो खाऊ म्हणजे हाच. आईने एक खाल्ला, दोन नातवासाठी रुमालात बांधले. नातू सव्वीस वर्षांचा आहे.

दुपारी नदीकाठी बेंचवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. समोर त्सुकिमी पूल आणि पुलापलीकडे किल्ला. काळ्या फळ्यांमुळे त्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात, शेजारच्या हिमेजीचा पांढरा किल्ला तो बगळ्याचा. 1597 मध्ये बांधून झाला, 29 जून 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळला, आताचा 1966 मध्ये परत बांधलेला. कावळ्याचा म्हटल्यावर आई लगेच म्हणाली कावळ्याचं घर शेणाचं, पाऊस आला वाहून गेलं. आणि मग गप्प झाली.

मी तिला सांगून बसले होते की 1934 साली या नदीला पूर आला आणि बाग पाण्याखाली गेली, अकरा वर्षांनी बॉम्ब पडले, आणि दोन्ही वेळा लोकांनी जपून ठेवलेली जुनी चित्रं बाहेर काढून, एदो काळात, म्हणजे सरदारांच्या काळात, काय कुठे होतं ते बघून, बाग होती तशी परत उभी केली. पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा आई पाच वर्षांची होती. 12 जुलै 1961. घर शनिवार पेठेत. हे मला माहीत होतं, पण त्या दिवसाबद्दल ती कधी दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती. त्या बेंचवर ती बोलली. आजोबांनी तिला खांद्यावर घेतलं होतं आणि तिच्या हातात पितळेचा डबा होता, आत काय होतं तिला आठवत नाही पण डबा सोडू नको असं आजी ओरडत होती ते आठवतं. पाणी उतरल्यावर घरी आले तर भिंतीवर चिखलाची रेघ होती, तिच्या डोक्याच्या खूप वर, आणि कितीतरी दिवस ती त्या रेघेखाली उभी राहून आपली उंची मोजायची. त्रेसष्ट वर्षांत मी, बाबा, दादा, कुणीच हे ऐकलं नव्हतं. नदी वाहत होती, कुणीतरी पीचच्या आकाराची पायडल बोट चालवत होतं, आणि आई मला ती रेघ हाताने दाखवत होती, एवढी उंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दुपारी आमच्याकडे पुढचं ठिकाण असतं तर मी घड्याळ बघितलं असतं आणि ती थांबली असती. मला माझ्या आईची खात्री आहे, ती लगेच म्हणाली असती चल चल, उशीर होतोय. आपल्या आया अशाच असतात, दुसऱ्याची घाई त्यांना आधी दिसते.

चारच्या आत टॅक्सीने सोगेन्जीला गेलो, त्सुनामासानेच 1698 मध्ये बांधलेला झेन मठ, इकेदा घराण्याचा. मागे तळ्याकाठची बाग आहे, ती पण त्याच नागातादाची म्हणतात. इथे जगभरातून लोक साधना करायला येऊन राहतात. एक परदेशी मुलगी पानं झाडत होती, आमच्याकडे बघून वाकली आणि परत झाडायला लागली. आवाज फक्त झाडूचा. वीस मिनिटं बसलो, थंडी वाढली म्हणून निघालो. एवढंच. संध्याकाळी स्टेशनजवळच्या निशिगावा कालव्याच्या कडेने थोडं चाललो, भर शहरात दोन्ही बाजूंनी झाडं आणि मधून पाणी, ऑफिसमधून सुटलेले लोक सायकली हातात धरून चाललेले.

किबित्सुचं देऊळ राहिलं, ज्याचा छपराखालचा रस्ता साडेतीनशे मीटरहून लांब आहे. बिझेनची मातीची भांडी राहिली. किल्ल्याच्या आत पण गेलो नाही. मला याची जराही खंत नाहीये, आणि जे विचारतात की जपानच्या प्लॅनमध्ये काय टाकू त्यांना मी आता एवढंच सांगते की आधी काहीतरी काढा, विशेषतः आईवडील बरोबर असतील तर, आणि एक दिवस असा ठेवा की ज्यात एकच जागा लिहिलेली असेल. ओकायामाच पाहिजे असं नाही. पण पुण्याचे असाल तर ओकायामाच पाहिजे.

पुण्यात आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी आई तिच्या वेळेला बागेत गेली. साडेसातला फोन, मी झोपेत. "अगं, आज मी चाललेच नाही. छोट्या पुलावर उभी राहिले, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघत." मग म्हणाली तिकडे भाताची लावणी जूनमध्ये असते असं तू म्हणाली होतीस, ती आपल्याला बघायला मिळेल का? मी तिकिटं बघतेय. या वेळी ओकायामात तीन रात्री, बाकी कुठे नाही.